पडवीतली साखर

पाटकरबाईंच्या घरी चहा करायचा तर साखर पडवीत, पाणी माजघरात आणि दूध स्वयंपाकघरात. चहाची पूड पडवीत, कप स्वयंपाकघरात, चमचा पुन्हा पडवीत. एकदा शेजारधर्म म्हणून मी म्हटलं, बाई, तुम्ही बसा, आज चहा मी करते. दोन कप चहासाठी देवळात घालाव्यात तशा प्रदक्षिणा घातल्या, आणि एवढं करून दूध उतू गेलं ते गेलंच. बाई पडवीतल्या खुर्चीवरून विचारतात, दूध कुठं होतं? म्हटलं, चुलीवर, आणखी कुठं असणार? म्हणजे कुठल्या खोलीत? म्हटलं, स्वयंपाकघरात. "मग 'डी'," बाई अगदी समाधानाने म्हणाल्या. उतू गेलेल्या दुधाचं त्यांना काही नव्हतं.

गाव आचरा, काळ ऐंशीच्या दशकातला, आणि बाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. आमच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. मी लग्न होऊन आचऱ्यात आले आणि त्याच शाळेत गणिताला लागले, तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. पण त्यांच्या आणि आमच्या घरात एक चिऱ्यांचा गडगा तेवढा. त्यामुळे शाळेने सुटका केली तरी बाई माझ्या वाट्याला आल्याच.

अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. भाषेच्या बाबतीत फार सोवळ्या. आमच्या दिराच्या लग्नाची पत्रिका त्यांना द्यायला गेले, तर दुसऱ्या दिवशी ती पेन्सिलीने तपासून परत आली. चार ठिकाणी खुणा आणि खाली 'ठीक' असा शेरा. माझ्या सासूबाईंनी तो शेरा बघून कपाळावर हात मारला. सगळा गाव मालवणी बोलायचा, बाई मासेवालीशीसुद्धा छापील मराठीत घासाघीस करायच्या. फक्त चिडल्या, किंवा फार आतलं काही बोलायचं असलं, की माहेर बाहेर पडायचं. मग 'मला'चं 'माका' व्हायचं. ते ऐकायला मिळावं म्हणून मी कधीकधी मुद्दाम चिडवायची.

आणि प्रश्न. बाईंना दिवसभर प्रश्न पडायचे. हे असं का, आणि तसं का नाही? पोस्टमन आला तर त्याला, गुरव दिसला तर त्याला, कुणीच नसेल तर गडग्यावरून मला. "विचारल्याने अब्रू जात नाही गं, न विचारता ठोकून दिल्याने जाते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उत्तर मिळालं नाही तर रागवायच्या नाहीत, उलट चेहरा उजळायचा. म्हणजे अजून दोन दिवसांची सोय झाली.

आता जर्मन कुठून आलं ते सांगते. बाईंचा एकुलता एक मुलगा विनय इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीला गेला आणि तिथलीच बायको केली. वडिलांनी पत्र लिहिलं की आता या घराची पायरी चढू नकोस. तोही त्यांचाच मुलगा, चढला नाही. वडील वारले तेव्हा तार उशिरा पोचली म्हणून आला नाही, की वेळेत पोचूनही आला नाही, ते बाईंनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग एका वर्षी पावसाळ्यात त्याचं पत्र आलं. नाताळच्या सुट्टीत मुलीला घेऊन येतो. बायकोला हॉस्पिटलातून रजा नाही, आम्ही दोघंच. लेना सात वर्षांची आहे. तिला मराठी येत नाही, माझ्याकडून शिकवायचं राहून गेलं. तुझी पंचाईत होईल, पण मी असेन मध्ये, सांगेन तिचं तुला आणि तुझं तिला.

बाईंनी पत्र मला वाचायला दिलं आणि म्हणाल्या, "हा मध्ये कशाला? कोर्टात उभं राहायचंय का मला? माझी नात माझ्याशी बोलेल. मी शिकते."

एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांना किती हवं होतं ते मी पुढे सगळे महिने बघितलं. माझ्या मिस्टरांनी मुंबईहून फुटपाथवरचं एक जुनं पुस्तक आणून दिलं, इंग्रजीतून जर्मन शिकवणारं, सोबत एक कॅसेट. मस्कतहून आलेल्या भाच्याकडून बाईंनी टेपरेकॉर्डर मिळवला. आणि बोलायला समोर कुणीतरी लागतं म्हणून मला धरून बसवलं. माझी काही तक्रार नव्हती. शाळेतून आल्यावर घरी स्वयंपाकच वाट बघत असायचा, त्यापेक्षा जर्मन बरं.

सुरुवात फार झोकात झाली. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं. डेअर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते. बाई खूश. इंग्रजांना हे समजावताना पुस्तकवाल्याला घाम फुटलाय, आपल्याला हे आईच्या दुधातून मिळालंय, वगैरे. पुढच्याच पानावर घोटाळा. चमचा 'तो', ठीक आहे. पण काटा 'ती' आणि सुरी 'ते'. एका पानावर जेवायला बसलेली तिघं, आणि तिघांची तीन लिंगं. मी गणितवाली, मला वाटलं सूत्र असेल. शेवटच्या अक्षरांवरून थोडं जमतं असं पुस्तक म्हणत होतं आणि लगेच खाली अपवाद देत होतं. दोन आठवडे मी सूत्र शोधलं आणि हात टेकले.

बाई म्हणाल्या, "सुमन, तू सासरी आलीस तेव्हा मीठ कुठं असतं ते तुला कुणी नियम करून सांगितलं होतं का? चार वेळा चुकलीस, मग हात आपोआप जायला लागला. हे माझं सासर आहे. इथं 'का' विचारायचं नाही, कुठं ठेवलंय ते बघायचं."

जन्मात पहिल्यांदा बाई 'का विचारायचं नाही' असं म्हणाल्या म्हणून मी जपून राहिले. दुसऱ्या दिवशी गडग्यावरून बघते तो काय, बाईंनी घर उलटंपालटं केलेलं. जे जे 'डेअर' ते पडवीत, जे 'डी' ते स्वयंपाकघरात, जे 'डास' ते माजघरात. टेबल, खुर्ची, छत्री, तांदळाचा डबा, साखर, चहा, चमचा सगळे बाहेर. भिंतीवरचं घड्याळ, कंदील, कपबश्या, दूध आत. पलंग, पुस्तकं, मीठ, अंडी, पाण्याची कळशी आणि सुरी मधल्या खोलीत. एकट्या राहणाऱ्या बाई, अडवणार कोण?

अडवलं नाही, पण बोलल्या माझ्या सासूबाई. बाईंनी बांगडे आणले आणि मासा 'डेअर' म्हणून परडीसकट पडवीत ठेवले, तेव्हा सासूबाई गडग्यापाशी येऊन म्हणाल्या, "मासो पडवेत ठेवल्यार मांजर काय जर्मन शिकाक बसतला?" बसलं नाहीच ते. बांगडे गेले. त्यावर बाईंचं म्हणणं असं की मांजर 'डी', तिचं स्वयंपाकघर सोडून पडवीत काही काम नाही, चूक मांजराची आहे. गावात मात्र बोलवा झाली की नवरा गेल्यापासून पाटकरीण जरा सरकलीय. बाईंच्या कानावर ते गेलं. त्यांनी 'सरकली' हे क्रियापद इथं कसं योग्य आहे तेवढं मला सांगितलं.

पण कमाल अशी, की युक्ती चालली. एखादा शब्द आला की बाईंचं अंग त्या खोलीकडे वळायचं. दिवा म्हटलं की उजवा खांदा स्वयंपाकघराकडे. पुस्तक म्हटलं की पाऊल मागे, माजघरात. तोंडाच्या आधी पायांना कळायचं.

बाकीचे प्रश्नही होतेच. एकदा पुस्तकात आलं की 'मुलगी' हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी. ते मुलगी. मला हसू आवरेना. बाई मात्र अस्वस्थ झाल्या, आपल्या नातीला 'ते' म्हणायचं म्हणजे काय. सासूबाई तिथंच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तेत नवल कसला? चेडू इला असाच म्हणतंव मां आपण? इली खंय म्हणतंव?" चेडू म्हणजे मालवणीतली मुलगी, आणि तीही 'ते'च; 'इला' म्हणजे 'आलं'. बाईंनी आपल्या नोकरीत असे किती 'चेडू आला' लाल शाईने कापले असतील, देव जाणे. संध्याकाळी त्या गडग्यावरून मला म्हणाल्या, तुझ्या सासूबाई विचार करायला लावतात हं.

मग 'तू' आणि 'तुम्ही'चा वाद. जर्मनांचंही 'डू' आणि 'झी' असतं. अनोळखी माणसाला 'झी' म्हणावं, असं पुस्तक बजावून सांगत होतं. आणि नात तर अनोळखीच. मी म्हटलं, बाई, सात वर्षांच्या पोरीला 'अहो लेनाबाई' म्हणणार का? बाई गंभीर. पहिल्या भेटीत सलगी केलेली तिला आवडली नाही तर? तेव्हाही सासूबाईंनीच मिटवलं. देवाक तू म्हणतंव, नातीचा कसला भिया? बाईंनी पुस्तक चाळून बघितलं. जर्मनही देवाला 'डू'च म्हणतात. वाद संपला.

सर्वांत आवडता त्यांचा शोध म्हणजे, वाक्यात 'कारण' आलं की जर्मन माणूस क्रियापद उचलून आपल्यासारखं शेवटी ठेवतो. "कारण द्यायची वेळ आली की तोसुद्धा मराठी होतो बघ," असं म्हणून त्या दिवसभर हसत होत्या. एका ठिकाणी मात्र अडल्या. जाणं, येणं, पडणं, जागचं हललं की भूतकाळाला एक सहायक क्रियापद, आणि खाल्लं, पाहिलं, केलं याला दुसरा. हे त्यांना पटलं. पण 'राहणे' याला जाण्या-येण्याचाच सहायक. जो जागचा हलला नाही त्याला गेलेल्यांच्या रांगेत का बसवलं? मी म्हटलं अपवाद असेल. बाईंना अपवाद हा शब्दच आवडायचा नाही. तीन दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मागं राहणाराही कुठं तिथंच राहतो?"

डिसेंबर आला. बाईंनी घराला रंग काढला, न्हाणीघराला कडी बसवली, आणि दारात उभं राहून म्हणायचं वाक्य घोटून तयार केलं. आमच्या घरात तुझं स्वागत असो. ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत म्हटलं असतं.

आणि देवाने गावपळणीचा कौल दिला.

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आचऱ्यात काही वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवाने कौल दिला की ठरल्या दिवशी तोफ होते आणि अख्खा गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कुणी मागं राहायचं नाही. तीन रात्री शेतात झोपड्या घालून राहायचं. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा विचारायचं. तो हो म्हणाला की गाव भरतो, नाही म्हणाला की आणखी मुक्काम. गरीब-श्रीमंत, भट-कुळवाडी, सगळ्यांना एकच नियम. आम्हाला त्याचं दुःख नसतं, जत्राच असते ती. पण त्या वर्षी पळण सुरू होणार त्याच्या दुसऱ्या दिवशी विनय पोचणार होता, आणि तो निघून मुंबईत येऊन दाखलही झाला असेल, कळवणार कुठं?

लोकांनी सुचवलं, मालवणात लॉज बघा, दोन-चार दिवस तिथं ठेवा. बाईंनी ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन जे बोलल्या ते लॉजबद्दल नव्हतंच. त्यांचा चेहरा उतरला होता. "सुमन, माझं सगळं जर्मन त्या घरात आहे गो. घर मागं ठेवून मी बोलू कशी?" मी हसण्यावारी नेलं. पण नंतर वाटलं, खरंच की. असा घोटाळा आचऱ्याशिवाय आणि पाटकरबाईंशिवाय कुणाचा व्हायचा?

विनय टॅक्सीने आला. टॅक्सीवाला मालवणचा, त्याला पळण माहीत, त्याने गाडी सरळ शेतात आमच्या झोपड्यांपाशी आणली. गाडीतून उतरली ती पोर, निळा फ्रॉक, दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. डोळे थेट बाईंचे. बापाने तिला बजावलं असावं, कारण बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, नमस्कार, आजी. बाई पुढे झाल्या. तोंड उघडलं. आणि मला कळलं काय झालं ते. आमच्या घरात तुझं स्वागत असो, हे म्हणायला घर होतं कुठं? वर नारळाच्या झावळ्या, खाली सारवलेली जमीन. खोटं वाक्य बाईंच्या तोंडून येईना, आणि दुसरं आठवेना. त्या नुसत्या 'नमस्कार' म्हणाल्या आणि थांबल्या. विनय लगेच मध्ये आला. लेना, आजी म्हणते की प्रवास कसा झाला. बाई तसं काहीच म्हणाल्या नव्हत्या.

तो दिवस असाच गेला. पोर बापाशी बोलायची, बाप बाईंशी बोलायचा. जेवताना तिने चमचा मागितला. बाईंनी चमचा उचलला, तिच्यापुढे धरला, आणि नाव घ्यायचं म्हणून डावीकडे एक पाऊल टाकलं. तिथं पडवी नव्हती, आमची शेळी होती. बाई पुन्हा मागे आल्या. एवढे महिने केलेलं सगळं वाया जाणार आणि ही बाई मुकाट्याने ते बघत बसणार, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेनाच बापाला विचारत होती, बोटाने आजीकडे दाखवत. विनय मला म्हणाला, सुमनवहिनी, आई बोलायला लागली की नाचल्यासारखी का करते? लेना विचारते. मी त्याला सांगितलं. साखर पडवीत का, सुरी माजघरात का, मासे मांजराने कसे नेले, सगळं. तो आधी हसला. मग हसता हसता त्याने तोंड फिरवलं. मग बाईंजवळ जाऊन म्हणाला, "आई, अख्खं घर हलवलंस? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला? हिच्यासाठी," बाई म्हणाल्या. "तुझ्याशी बोलायला मला मराठी पुरतं. तूच बोलत नव्हतास."

तो खाली बसला आणि बाईंच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडला, शेजारपाजाऱ्यांसमोर. कुणी तिकडे बघितलं नाही. पळणीत भिंती नसतात, तेव्हा न बघणं हाच रिवाज.

लेनाला त्याने काय सांगितलं ते मला समजलं नाही, पण ती ऐकता ऐकता उठून उभी राहिली. एक काठी आणून तिने आजीच्या हातात दिली. भात कापून मोकळ्या झालेल्या कुणग्यात बाईंनी घर आखलं. ही पडवी, हे माजघर, हे स्वयंपाकघर, हा उंबरा. लेना आमच्या झोपडीतून वस्तू पळवून आणू लागली. तवा, पळी, सासूबाईंचा पानाचा डबा, माझी चप्पल. बाई त्या हातात घेऊन नाव सांगायच्या आणि आपल्या त्या खोलीत जाऊन ठेवायच्या. चुकलं की पोर काही न बोलता वस्तू उचलायची आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. बाईंच्या चुका दाखवायची कुणाची आजवर छाती नव्हती. इथं त्या कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि विचारतात काय, तर "वारूम?" म्हणजे का? पोर खांदे उडवायची. कारण तिलाही माहीत नव्हतं. बाई इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. दुपारपर्यंत त्या रेघांच्या घरात गावातली आणखी पोरं शिरली, आणि विनयला मध्ये घालायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला आणि गाव भरला. मग ते दोघं आणखी चार-पाच दिवस राहिले. विनय पायरीशी जरा थबकला, लेना थबकली नाही. तिला घर पाठ होतं.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या आठवतात त्या, विनय आणि लेना परत गेले त्या सकाळच्या. एस्टी सुटायच्या बेतात होती, लेना खिडकीशी, बाई खाली गजाला धरून. आणि ती पोर बोलायला लागली. भरभर, श्वास न घेता, हातवारे करून, काय काय सांगत होती कोण जाणे. बाई मान हलवत होत्या, मध्येच जर्मन 'या, या', म्हणजे 'हो, हो', करत होत्या. एस्टी हलली तरी तिचं बोलणं चालूच होतं. वळणापर्यंत तोंड हलताना दिसत होतं.

धुरळा बसला. मी विचारलं, बाई, काय म्हणत होती हो एवढं?

बाईंनी पदराने डोळे पुसले, आणि माहेरच्या भाषेत म्हणाल्या, "अर्ध्याच्या वर माका कळाक नाय गो. पण बघलंस मां? इतके दिवस माझ्यासाठी सावकाश बोलायचा ता चेडू. आज इसारला."